एलादिओच्या पुड्या

माझं काम पुडी बांधायचं. शब्द त्याचे.

साल्तोच्या संत्राबाजारामागे
नदी वळताना जिथे जराशी आळसावते
तिथे एलादिओ बेरुत्तीचं औषधाचं दुकान.
खोकल्यावरचं दुसऱ्या फळीवर,
आणि ज्याला औषधच नाही त्याचं
गल्ल्याखालच्या खणात, पेन्सिलीसकट.

परवा वॉशिंग्टन न्हावी आला.
(आमच्याकडे पोरांना अशी नावं ठेवतात.
त्याचा भाऊ एडिसन, बल्ब बदलायला घाबरतो.)
म्हणाला, चौकात कुणीतरी हात केला,
मी दोन्ही हात केले, वर टोपी काढली,
आणि तो हात निघाला माझ्या मागच्या बाईला.
तेव्हापासून खांदा दुखतोय.
एलादिओनं चष्मा पुसून पुडीवर लिहिलं :
उसनहात. पुल्लिंगी. दुसऱ्याच्या नावचा नमस्कार
चुकून आपण वटवणे.
उपाय : तोच हात पुढे नेऊन केस सारखे करावेत.
टक्कल असल्यास डॉक्टरांना विचारा.

वॉशिंग्टनला टक्कल आहे. तरी खुशीत गेला.

शब्दाचे पैसे घेत नाही आम्ही.
पण फुकट न्यायचं कसं, म्हणून लोक
खोकल्याची बाटलीही नेतात.
सध्या गावात औषधाला खोकला नाही.

बसवाला दाग्बेर्तो घेऊन गेला, ती ही :
काखस्मृती. स्त्रीलिंगी. येर्बाचा थर्मास घरी राहिला
तरी डावी काख त्याला धरून चालते.
लग्नात नाचतानाही. झोपेतसुद्धा.
त्याची बायको म्हणाली, ती जागा माझी होती.

आणि शिळहास : माणूस कोपऱ्यावरून वळून गेला
तरी आपल्याच तोंडावर उरलेलं त्याच्यासाठीचं हसू.
चोवीस तासांत वापरावं.
इथे त्यानं लिहिलं नपुंसकलिंगी.
मी म्हटलं, अहो, हास पुल्लिंगी.
तो म्हणाला, शिळं झाल्यावर
कशाचं लिंग आणि कशाचं काय, नेलिदा.

ओफेलिया सारासोला नुसतीच उभी राहिली.
नवरा जाऊन दोन वर्षं झाली. अजून ती येर्बा ओतते,
आपला घोट घेते, परत भरते,
आणि पेला समोर करते.
हात तसाच राहतो थोडा वेळ.
मग तोही घोट तीच पिते.
"ह्याला काय म्हणतात?"
एलादिओनं पेन्सिलीला टोक काढलं. परत काढलं.
पेन्सिल बोटाएवढी झाली.
शेवटी कोरीच पुडी मी दोऱ्यानं बांधली, दुहेरी गाठ मारून.
तिनं विचारलं, "जेवणाआधी की नंतर?"
तो म्हणाला, "बरोबर."

सोमवारी मोन्तेविदेओहून तपासनीस उतरला,
बाल्तासार एचेनिके, चौतीस रकान्यांचा अर्ज घेऊन.
परवाना नसताना शब्द देता?
देतो.
मुदत छापता?
पेन्सिलीनं.
तेहतीस रकाने भराभर भरले.
चौतिसावा : गुन्ह्याचा प्रकार.
भेसळ म्हणावं तर शुद्ध. साठेबाजी म्हणावं तर वाटून मोकळे.
त्यानं कायद्याचं पुस्तक उलटसुलट पाहिलं,
कपाळ पुसलं, आणि हळू आवाजात म्हणाला,
"तुमच्याकडे आहे का एखादा?"
"आहे," एलादिओ म्हणाला, "पण तो दिला
तर आणखी एक गुन्हा होईल."

मग तपासनीस उठला. म्हणाला, निघतो.
दाराच्या कडीवर हात ठेवून
त्यानं गुडघ्याचं सांगितलं,
मग सुनेचं, मग आईच्या
संत्र्याच्या मुरंब्यात लवंगा किती, ते.
बाहेर पाच चाळीसची बस निघून गेली.
दाग्बेर्तोनं खिडकीतून एकच हात हलवला,
दुसऱ्या काखेत नसलेला थर्मास होता.

मी तोवर पुडी बांधून ठेवली होती.
निरोपलंबन : निघतो म्हटल्यावर
माणूस दाराला लटकतो, ते.
आमच्या भागात बारमाही पिकतं.
अक्षर माझं होतं. पहिल्यांदाच.
तपासनिसानं वाचलं, मुकाट्यानं खिशात ठेवलं,
खोकल्याची बाटली घेतली.

एलादिओ काही बोलला नाही.
फक्त पुढे वाकून म्हणाला,
"लिंग राहिलं."